डावरी कडेला दिसत नाही

९ सप्टेंबर

डावरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहायला लावू नकोस. माझा उजवा कान कधीच गेला होता, आता डावाही त्याच्या मागे निघालाय. फोनवर तू काहीतरी सांगतेस, मी 'हो हो' म्हणते, आणि फोन ठेवल्यावर तुझे बाबा विचारतात काय म्हणाली, तेव्हा मला मनाने काहीतरी रचून सांगावं लागतं. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ.

विचारायचं ते असं, की रविवारी तू खेळलीस की नाही? वरच्या मजल्यावरचा वायरमन सांगतो, पूर्ण वेळ खेळली आणि झकास खेळली. तुझे बाबा म्हणतात, मैदानात नव्हतीच. माझा हा दादा मॅच कशी बघतो ते तुला ठाऊक आहे. खुर्ची टीव्हीला चिकटवायची आणि लेफ्ट बॅक जिथे असायला हवा त्या कडेच्या रेषेवर बोट ठेवायचं. एका हाफला पडद्याच्या वरच्या काठाला, बाजू बदलल्या की खालच्या. चेंडू कुठे का असेना, याचं बोट तिथेच. काच रोज मला पुसावी लागते ती वेगळीच गोष्ट. तर रविवारी त्या बोटाखाली कोणीच आलं नाही म्हणे. मी शिवणयंत्रावरून उठून दोनदा डोकावून गेले, पण मला काय कळणार, तुम्ही सगळ्याजणी मागून सारख्याच दिसता. केसांचा शेपटा आणि पळापळ.

मॅच संपल्यावर तो अगदी हिरमुसला. "तिला बसवलं," एवढंच म्हणाला आणि जेवायला आला नाही. मला वाटतं चष्म्याचा नंबर वाढलाय, तपासून घेते. तरी तू नेमकी कुठे उभी होतीस ते लिही. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही हे धरून चालून लिही.

आत्या


१५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मी खेळले, पूर्ण वेळ. बाबा बघत होते तिथे मी नव्हते, एवढंच.

तुला समजेल असं सांगते. पूर्वी लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या कडेचा राखणदार. रेषेजवळ राहायचं, समोरून येणाऱ्याला अडवायचं, चेंडू मिळाला की रेषेने पुढे. बाबा डेपोच्या संघात तसेच खेळले आणि मलाही तसंच शिकवलं. आता आमच्या गोलकीपरकडे चेंडू आला की लांब लाथ मारून मोकळं व्हायचं नसतं. तिथूनच एकेक पास जोडत खेळ पुढे न्यायचा. अशा वेळी मी रेषेवर उभी राहून चेंडू घेतला तर फसते. एका बाजूला रेषा, समोर त्यांची खेळाडू, जाणार कुठे? भिंतीला पाठ लावून भांडल्यासारखं होतं. म्हणून नव्या कोचबाई मला आत बोलावतात, मैदानाच्या मधे, आमच्या मधल्या खेळाडूच्या शेजारी. मग माझ्यावर नेमलेली त्यांची मुलगी पेचात पडते. ती माझ्यामागे आत आली तर कडेची वाट मोकळी, तिथून आमची पुढची मुलगी चेंडू घेऊन सुटते. नाही आली तर मी मोकळी, आणि गोलकीपरचा पास थेट माझ्या पायात. शिवाय चेंडू मधेच हातचा गेला तर त्यांना अडवायला मी आधीच मधे असते.

पण आत्या, समोरच्यांनी जम बसवून चढाई केली की मी परत रेषेवर येते. तेवढ्या वेळात तरी बाबांना दिसायला हवी होते. चष्म्याचं कारण मला पटत नाही. खरं सांग, ते रागावलेत ना? मी लहान असताना मॅच चालू असेल तोवर ते रेषेच्या बाहेरून माझ्या शेजारी चालत असायचे. मी पुढे गेले की पुढे, मागे आले की मागे. अर्धा वेळ झाला की गोलला वळसा घालून पलीकडच्या कडेला हजर, कारण बाजू बदलली की माझी कडही बदलायची. तोंडाने एकच पालुपद, "रेषा सोडू नको." ती मी सोडली, म्हणून मी त्यांच्या लेखी मैदानातच नाही, असंच ना? त्यांना समजावून सांग. मी त्यांचं शिकवलेलं विसरले नाही. मला त्यांची फार आठवण येते.

डावरी


२ ऑक्टोबर

डावरे,

तू लिहिलंस ते मी दादाला समजावलं. तोंडाने जमेना, मग ताटात बटणं मांडली. काळी तुमची, पांढरी त्यांची. तुझ्यासाठी कोटाचं मोठं बटण घेतलं. मी ते कडेवरून उचलून आत ठेवलं, तर त्याने माझा हात धरला आणि बटण जरा मागे घेतलं. म्हणाला, "इतकं पुढे नको, गोलकीपरला दिसायला हवं." मग पांढरं बटण आत सरकवून मला कडेची मोकळी वाट दाखवली. मला वाटलं, जिंकलं. संध्याकाळी मॅच लागली आणि त्याचं बोट पुन्हा रेषेवर. "डावरी कुठे आहे? तिला बसवलं का?" समोरच्यांची चढाई झाली आणि तू लिहिल्याप्रमाणे रेषेवर आलीस तेव्हा मी ओरडून दाखवलं. त्याने मान हलवली, आणि पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत दाखवलेलं पुसलं गेलं होतं.

तो तुझ्यावर रुसलेला नाही. रुसायलाही काहीतरी लक्षात राहावं लागतं.

आता लिहूनच टाकते. चष्मा ठीक आहे. मे महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं. हल्लीचं आधी पुसलं जातं, जुनं राहतं, आणि पुढे तेही जातं. औषधाने थोडं लांबतं, थांबत नाही. तेव्हा तो बराच शुद्धीवर होता. मला बजावलं, तिचा हंगाम संपेपर्यंत तिला कळता कामा नये. मी शब्द दिला. आता त्यालाच तो शब्द आठवत नाही, तेव्हा मी सुटले असं धरते. मला एकटीला हे झेपत नाही गं. सकाळी कधीकधी मला 'बाई' म्हणतो आणि घरमालकीण समजून वाकून बोलतो. आयुष्यभर माझ्यावर डाफरणारा भाऊ असा अदबीने बोलला की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

पण तुझं विसरलेला नाही. त्याला एक मुलगी आहे, ती डाव्या पायाने खेळते आणि रेषेवर असते, हे पक्कं आहे. म्हणूनच मॅच असली की हाल होतात. गेल्या मॅचनंतर बूट चढवून निघाला. तिला बसवलंय, ती मैदानावर रडत असेल, घेऊन येतो, म्हणाला. वायरमनने बस स्टॉपवरून परत आणला. टीव्ही लावायचाच नाही असं ठरवलं होतं, तर तो रविवारी सकाळपासून खुर्ची ओढून बसतो. रविवार त्याला कसा कळतो देव जाणे.

आत्या


८ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मी कपडे बदलायच्या खोलीत वाचलं आणि तशीच बसून राहिले. मेपासून तू हे एकटीने पोटात ठेवलंस. तुझ्यावर खूप रागावले आहे, आणि तू तिथे आहेस म्हणून बरंही वाटतंय. आई गेल्यावर तूच आम्हाला सांभाळलंस आणि आताही तूच सांभाळते आहेस. कोचबाईंनी नोव्हेंबरात चार दिवसांची सुट्टी देते म्हटलंय. त्याआधी नाही.

त्यांच्याकडे मी आणखी एक गोष्ट मागितली. एकच मॅच मला रेषेवर खेळू द्या. कारणही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि नाही म्हणाल्या. "तुझी जागा तुझी एकटीची नाही. बाकीच्या दहाजणी तिकडे न बघता चेंडू देतात, इतका त्यांचा त्या जागेवर भरवसा आहे." त्यांचं चूक नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

तरी मी ठरवलंय. १९ तारखेची मॅच टीव्हीवर आहे. मी रेषा सोडणार नाही. आमच्या कॅप्टनला सांगून ठेवलंय, नाणेफेक जिंकली तर अशी बाजू घे की पहिल्या हाफला मी पडद्यावर वरच्या काठाला येईन. खालचा काठ कधीकधी कापला जातो. बाबांना खुर्चीत बसव, बोट ठेवू दे, आणि मी आले की सांग, हीच ती. अजून त्यांना मी आठवते आहे तोवर एकदा तरी सापडू दे. नंतर मला हव्या तितक्या शिव्या बसोत.

डावरी


१३ ऑक्टोबर

डावरे,

नको असं करू, असं लिहायला बसले होते. तुझ्या कोचबाई बरोबर बोलल्या, आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीवर तू पाणी सोडू नयेस, हेही खरं.

पण काल दादा जेवताना विचारत होता, डावरीने खेळणं सोडलं का, मला कोणी सांगत का नाही. ये रेषेवर. मी त्याला तयार ठेवते.

आत्या


२० ऑक्टोबर

आत्या,

वायरमनने तुला सांगितलंच असेल. मी रेषेवर राहिले. कोचबाई बाहेरून हाका मारत होत्या, मी बघितलंच नाही. मला सारखं वाटत होतं की पलीकडून बाबांचं बोट माझ्याबरोबर चाललंय, आणि मी लहानपणी धावायचे तशी धावत होते.

मग आमच्या गोलकीपरने सवयीने, मान वर न करता, चेंडू आत दिला, जिथे मी असते तिथे. तिथे मी नव्हते. त्यांच्या मुलीने तो अलगद उचलला आणि गोल केला. आम्ही त्याच एका गोलने हरलो. अर्धा वेळ झाल्यावर मला काढलं. कोचबाई ओरडल्या नाहीत. "ज्यासाठी केलंस ते तरी झालं का?" एवढंच विचारलं. गोलकीपर सगळ्यांची माफी मागत होती, चूक तिची आहे म्हणून, आणि मी शेजारी बसून गप्प राहिले. पुढच्या मॅचला मी संघात नाही.

मला त्याचं इतकं वाटत नाही. तू लवकर कळव. बाबांना मी दिसले ना?

डावरी


२५ ऑक्टोबर

डावरे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी एक उत्तर लिहिलं. त्यात दादाने तुला ओळखलं, टाळ्या वाजवल्या, दोन घास जास्त जेवला, असं सगळं होतं. मग वाचलं आणि फाडून टाकलं. तू पुढच्या महिन्यात येणार, त्याच्यासमोर बसणार, तेव्हा माझं खोटं किती वेळ टिकलं असतं? म्हणून झालं तसं लिहिते. निवांत बसून वाच.

सकाळीच त्याची दाढी करून दिली, स्वच्छ शर्ट घातला. वायरमनही खाली आला होता. मॅच लागली, दादाचं बोट वरच्या काठाला गेलं, आणि त्या बोटाखाली तू आलीस. मलासुद्धा ओळखू आलीस. मी म्हटलं, दादा, हीच ती, आपली डावरी. त्याने बोट उचललं नाही. तू पुढे गेलीस की बोट पुढे, मागे आलीस की मागे. मला रडू आवरेना. वायरमन उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

दादा बराच वेळ बोटाने तुझ्यामागे चालत राहिला. मग म्हणाला, "चांगली धावते. कोणाची मुलगी?"

मी म्हटलं, तुझीच. नीट बघ, ही डावरी आहे. तो मला समजुतीने म्हणाला, डावरी शाळेत आहे, एवढी मोठी कशी असेल. मी पुन्हा सांगितलं. वायरमननेही सांगितलं. आम्ही दोघं मिळून त्याची थट्टा करतोय असं त्याला वाटलं, म्हणून मी गप्प बसले. मग त्याचं बोट आपणहून रेषेवरून निघालं आणि आत जाऊन थांबलं. "हिला कोणीतरी आत बोलवा," म्हणाला. "मधे सगळं मोकळं पडलंय. गोलकीपरने चेंडू द्यायचा कोणाला?" आणि नेमका तिथेच तो चेंडू आला, आणि गोल झाला.

तो मागे टेकून बसला. मग जे म्हणाला ते लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. म्हणाला, "माझी डावरी असती तर तिला सांगावं लागलं नसतं."

ज्याने 'रेषा सोडू नको' म्हणून तुझा कान पिळला त्यालाच हे दिसलं. बटणांनी शिकवलं म्हणावं, तर बटणं तो त्याच संध्याकाळी विसरला होता. त्याच्यातलं काय गेलंय आणि काय उरलंय, याचा मला थांगच लागत नाही. खेळ राहिलाय. तुझं नाव राहिलंय. तुझा आजचा चेहरा मात्र गेला, बाळा. तो मी काही करून परत आणू शकत नाही.

दुसरा हाफ सुरू झाला, तसा तो खाली वाकला आणि खालच्या काठाला बोट ठेवलं. कोणीच येईना. "डावरी कुठे आहे? तिला बसवलं का?" या वेळी ते खरं होतं. मी हो म्हटलं. त्याने बूट मागितले.

मी 'ये रेषेवर' लिहायला नको होतं. मलाच ते हवं होतं. तू त्या गोलकीपर मुलीला एकदा खरं सांगून टाक, आणि सुट्टी मिळाली की ये.

आत्या


१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल पोचले. तू बांधून दिलेला डबा वाटेतच संपवला. गोलकीपरला मी घरी येण्याआधीच सगळं सांगितलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. ती हातमोजे उचलून निघून गेली. आज सरावात मात्र तिने पहिलाच चेंडू आत दिला, मान वर न करता, आणि मी तिथे होते. कोचबाईंनी रविवारी संघात घेतलंय.

घरी असताना एक गोष्ट घडली ती तुला तोंडाने सांगता आली नाही. निघायच्या दिवशी तू औषधं आणायला गेली होतीस. मी बाबांना चहा करून दिला. तीन दिवस ते मला दवाखान्यातली मुलगी समजत होते, तशाच अदबीने त्यांनी कप घेतला. मग माझ्या पायांकडे बघून विचारलं, खेळतेस वाटतं? मी हो म्हटलं. कुठे? डाव्या बाजूला, मागे. ते एकदम जवळ सरकले. आमचीही तिथेच खेळते, म्हणाले. मग तू बाहेर गेली आहेस ना, हे दाराकडे बघून नक्की केलं, आणि हळूच म्हणाले, "तुला कधी भेटली तर माझा एक निरोप देशील?"

मी देईन म्हटलं.

"ती हल्ली मला दिसत नाही. तिला वाटत असेल, बाबांनी बघणं सोडलं. तिला सांग, मी दर मॅचला बघतो. दिसली नाही तरी बघतो."

आत्या, त्यांनी तो निरोप माझ्याकडून परत म्हणवून घेतला. मी एक शब्द गाळला तर पुन्हा म्हणायला लावला, आणि नीट जमल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला किती वेळा तोंडावर आलं, बाबा, मीच ती. पण सांगितलं असतं तर त्यांना ती थट्टा वाटली असती, आणि निरोप न्यायलाही कोणी उरलं नसतं. मी त्यांचा हात धरून बसले. ते पुन्हा चहा प्यायला लागले.

रविवारी मी आतच खेळणार आहे. ते रेषेवर बोट ठेवतील, मी सापडणार नाही, आणि ते तुला विचारतील. विचारू देत. सापडले त्या दिवशी मी परकी होते. शोधतात तेव्हा मात्र मलाच शोधतात. तू फक्त बूट उंचावर ठेव.

आणि त्यांनी कधी विचारलं, की त्या मुलीने माझा निरोप पोचवला का, तर सांग, पोचवला. तुमच्या मुलीला मिळाला.

डावरी